शंभर टक्के चुकांची सिस्टर

चूक हातून होते, पण तिचा जन्म कागदावर होतो. हात दिवसभर इतक्या गोष्टी करतात की त्यांतलं बरोबर काय आणि चूक काय हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. कुणीतरी लिहून ठेवलं की ती चूक ठरते, आणि कुणीच लिहिलं नाही तर तिला अनुभव म्हणतात. या सत्याचा अभ्यास अनेक मोठ्या संस्थांनी केलेला आहे, पण ते पूर्णपणे पचवलं फक्त एका हॉस्पिटलनं.

या हॉस्पिटलच्या दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा फलक दिसायचा. त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘या रुग्णालयात औषधे देताना आजवर झालेल्या चुका’, आणि त्याखाली एका खिळ्याला पत्र्याचं भलंमोठं शून्य अडकवलेलं होतं. शून्य काढता-घालता यावं अशी मुद्दाम सोय केलेली होती, कारण कारभार पारदर्शक म्हटला की आकडा बदलायची तयारी हवी. दुसरा आकडा मात्र बनवून घेतलेला नव्हता (मागणी नव्हती). रोज सकाळी एक सेवक ते शून्य ओल्या फडक्यानं पुसायचा. पेशंटला घेऊन आलेले नातेवाईक ते बघायचे आणि सुटकेचा निःश्वास टाकून रांगेत उभे राहायचे.

अशा या हॉस्पिटलच्या पुरुषांच्या वॉर्डात एक सिस्टर होती. स्वभावानं चांगली, कामाला वाघ, हाताला हलकी. इंजेक्शन देऊन झालं तरी पेशंट डोळे मिटून वाट बघत बसायचे. दोष एकच. तिच्या पोटात काही राहत नसे. लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिनं सासूबाईंना सांगितलं होतं, “आई, खरं सांगू का? दूध उतू गेलं ते माझ्यामुळे, मांजरामुळे नाही.” मांजरावर तोवर कुणी आळही घेतला नव्हता. दर दुसऱ्या वाक्याआधी ‘खरं सांगू का’ म्हणायची तिला सवय होती, म्हणून सगळं हॉस्पिटल तिला ‘खरंसांगू’ म्हणायचं. ती त्यालाही ओ द्यायची.

आता वॉर्डातल्या कामाची पद्धत थोडी समजून घ्यायला हवी. हॉस्पिटलात सगळी नाती मिळतात, फक्त नाव मिळत नाही. दाखल झालेला पुरुष काका होतो, बाई काकू होते, केस पूर्ण पांढरे असतील तर आजोबा आणि आजी. सेवक सगळ्यांचा मामा असतो आणि सेविका सगळ्यांची मावशी. (डॉक्टरांना नातं नसतं, ते फेरीला येतात आणि जातात.) त्यामुळे वॉर्ड हे एक मोठं सुखी कुटुंब होतं आणि सुखी कुटुंबात कुणी कुणाला पूर्ण नावानं हाक मारत नाही. सिस्टर ट्रॉली ढकलत यायची आणि म्हणायची, “काका, गोळी.” मग ज्याला आपण काका आहोत असं वाटेल तो हात पुढे करायचा.

शंका आलीच तर खात्री करून घेण्याची सोय होती. सिस्टर विचारायची, “तुम्ही खिडकीजवळचे काका ना?” आणि पेशंट म्हणायचा, “हो.” हा ‘हो’ म्हणजे या व्यवस्थेचा कणा. आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. दुखतंय का? हो. कमी आहे का? हो. रात्री झोप लागली का? हो. नाही लागली का? हो. याचं कारण वैद्यकशास्त्रात सापडत नाही, पण वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं. ‘नाही’ म्हटलं तर सिस्टरला राग येईल आणि मग पुढचं इंजेक्शन जास्त दुखेल, अशी पेशंटची ठाम समजूत असते.

घडलं ते असं. खिडकीजवळच्या काकांना एक्स-रेसाठी खाली नेलं होतं. पंख्याखालच्या काकांना गाड्या बघायचा नाद. त्यांनी संधी साधली आणि ते खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन बसले. खरंसांगू ट्रॉली घेऊन आली. एका हातानं ती शेजारच्या आजोबांची सलाईन बघत होती, दुसरीकडे फोन वाजत होता, आणि एक नातेवाईक ‘डॉक्टर कधी येणार’ हे विचारायला पुन्हा आला होता. ती म्हणाली, “काका, तुम्ही खिडकीजवळचे ना? ही बी.पी.ची गोळी.” पंख्याखालचे काका त्या क्षणी खिडकीजवळच होते. ते म्हणाले, “हो.” आणि त्यांनी गोळी गिळली.

थोड्या वेळानं खरे खिडकीजवळचे काका चाकाच्या खुर्चीतून परत आले आणि म्हणाले, “सिस्टर, माझी गोळी राहिली.” खरंसांगूनं रिकाम्या पाकिटाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि मग पंख्याखालच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं. पंख्याखालच्या काकांचं बी.पी. मुळातच कमी असायचं.

ती धावत डॉक्टरांकडे गेली आणि एका दमात सगळं बोलली. मग दुपारभर ती काकांच्या उशाशी बसून होती. दर थोड्या वेळानं हाताला पट्टा बांधायची, पारा बघायची, पुन्हा बांधायची. ती मनापासून घाबरली होती आणि ते लपवतही नव्हती. काका मात्र गाढ झोपले होते. संध्याकाळी उठले आणि म्हणाले, “काय झोप लागली हो! उद्यापण तीच द्या.”

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. इन्चार्ज सिस्टरनं तिला बाजूला घेऊन तसं सांगितलंही. इन्चार्ज सिस्टर म्हणजे अनुभवाचं भांडार. तिच्या उभ्या नोकरीत एकही चूक झालेली नव्हती आणि त्यातल्या बऱ्याच तिला आठवतही होत्या.

“काका बरे आहेत ना?”

“आहेत.”

“मग चूक कसली? झोप लागली त्यांना. उपचार झाला तो.”

“खरं सांगू का, ताई, उद्या दुसऱ्या कुणाच्या हातून असंच होईल. दोन्ही काकांना आपण काकाच म्हणतो. हे लिहून द्यायला हवं.”

“लिहून?” इन्चार्ज सिस्टर खुर्चीत बसली. “अगं, लिहून नको देऊस. लिहिलं की राहतं ते.”

चुकांची नोंद करण्यासाठी हॉस्पिटलनं छापील अर्ज ठेवलेला होता, हे इथे आवर्जून सांगायला हवं. कुणी असं म्हणू नये की सोय नव्हती. गठ्ठा बांधलेला होता आणि त्यावर चहाची किटली ठेवली जायची. खरंसांगूनं किटली उचलली, सगळ्यात वरचा डाग पडलेला अर्ज बाजूला केला आणि खालचा कोरा घेऊन भरला. हॉस्पिटलच्या इतिहासातली ती पहिली चूक होती.

दुसऱ्या दिवशी आकडेवारी विभागात धावपळ उडाली. चुका शून्यावरून एकावर गेल्या होत्या. वाढ किती टक्के झाली हे काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की शून्यानं भागता येत नाही. म्हणजे वाढ मोजण्यापलीकडची होती. विभागानं मग कसून विश्लेषण केलं आणि धक्कादायक निष्कर्ष काढला: रुग्णालयात होणाऱ्या एकूण चुकांपैकी शंभर टक्के चुका एकच सिस्टर करते. बाकीच्या सगळ्या मिळून शून्य टक्के. सोबत एक गोल आलेख जोडला होता. तो संपूर्ण लाल होता आणि त्यावर तिचा फोटो चिकटवला होता.

दुसरी अडचण फलकाची होती. शून्य काढायचं तर एक लावायला हवा, आणि पत्र्याचा एक कोठारात नव्हता. कोठारप्रमुखानं कळवलं की सुटा आकडा मिळत नाही, नऊपर्यंतचा पूर्ण संच घ्यावा लागेल. पण पूर्ण संच मागवला तर जनतेत चुकीचा संदेश जाईल, असं हॉस्पिटलच्या सुरक्षा समितीचं मत पडलं. त्यातच हॉस्पिटलला ‘सुवर्ण सुरक्षा’ प्रमाणपत्र द्यायचं की नाही हे ठरवायला बाहेरून तपासनीस येणार होते. सर्वानुमते ठरलं की आकडा बदलण्यापेक्षा चूक बदलणं सोपं आहे.

खरंसांगूला समितीपुढे बोलावलं. मधल्या खुर्चीवर अधीक्षकसाहेब होते. अधीक्षकसाहेब हा कोट घालणारा माणूस. वॉर्डात ते क्वचितच यायचे, आले तर दारातूनच आत बघायचे, त्यामुळे नव्या सिस्टरना त्यांचा चेहरा नीटसा माहीत नव्हता. कोट मात्र सगळ्या ओळखायच्या.

“तुम्ही विचारलंत, तुम्ही खिडकीजवळचे काका ना?” साहेब म्हणाले.

“हो सर.”

“पेशंट काय म्हणाले?”

“हो म्हणाले.”

“मग झालं की! पेशंट हा आपला राजा. राजा सांगतोय की मी खिडकीजवळचा काका आहे. ज्या क्षणी ते हो म्हणाले त्या क्षणापासून ते खिडकीजवळचे काका झाले. आणि खिडकीजवळच्या काकांना खिडकीजवळच्या काकांची गोळी दिली, यात चूक कुठे आहे?”

समितीनं माना डोलावल्या. एक सदस्य तर भारावून गेला.

“पण सर, ते नव्हते,” खरंसांगू म्हणाली.

“सिस्टर, चूक झाली नव्हती एवढं एक वाक्य लिहून द्या. वॉर्डात परत जा. कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही.”

तिला वॉर्डात परत जायचं होतं. पंख्याखालच्या काकांचं बी.पी. बघायचं होतं, आजोबांची सलाईन संपत आली असेल हे तिला तिथे बसूनही दिसत होतं. दुसरं कुठलंच काम तिला कधी करावंसं वाटलं नव्हतं. तिनं पेन उचललं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि खाली ठेवलं.

“खरं सांगू का, सर? नाही लिहिता येणार.”

समितीचा निर्णय न्यायाचा नमुना म्हणून जपून ठेवण्यासारखा आहे. चूक झालेलीच नसल्यामुळे चुकीबद्दल सिस्टरला शिक्षा करता येत नव्हती. न झालेली चूक झाली असं सांगितल्याबद्दल मात्र करता येत होती. औषधाच्या ट्रॉलीला हात लावायची तिला मनाई झाली आणि तिची बदली तळघरातल्या धुलाई विभागात झाली. तिथे चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल यांची देवघेव चालायची, आणि कुठल्याही टॉवेलचं बी.पी. कमी होत नसे.

घरी जाऊन ती रडली. नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, पाय तरी दुखणार नाहीत.” त्यावर ती आणखी रडली. सासूबाई कोपऱ्यात पायावर तेल चोळत बसल्या होत्या. त्यांनी बरणी बंद केली आणि हात पुढे केला.

“माझी गोळी दे.”

“आई, माझ्या हातून शंभर टक्के चुका होतात, असं ठरलंय.”

“होऊ देत. झाली तर तू सांगशील तरी. तुझा नवरा देतो तेव्हा माझं मलाच बघावं लागतं.”

इकडे खरंसांगू वॉर्डातून गेल्याबरोबर हॉस्पिटलमधल्या चुका शंभर टक्क्यांनी घटल्या. आकडेवारी विभागानं नवा आलेख काढला. तो संपूर्ण हिरवा होता. तरीही समिती हुरळून गेली नाही. चूक होते ती लक्ष विचलित झाल्यामुळे, आणि लक्ष विचलित होतं ते लोक बोलल्यामुळे, असं एका सदस्यानं कुठल्याशा परिषदेत ऐकलं होतं. त्यावर उपाय म्हणून पिवळे एप्रन शिवून घेतले. पाठीवर-पोटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘औषधवाटप सुरू आहे. बोलू नये.’ एप्रन घातलेल्या सिस्टरशी पेशंट, नातेवाईक, सेवक किंवा डॉक्टर यांपैकी कुणीही बोलायचं नाही, असा हुकूम निघाला.

एप्रनचं यश कल्पनेबाहेरचं होतं. पूर्वी एखादा काका गोळीकडे बघून म्हणायचा, “सिस्टर, माझी तर गुलाबी असते.” असल्या शेऱ्यांनी सिस्टरचं लक्ष विचलित व्हायचं. आता काका गोळी हातात धरून एप्रन उतरायची वाट बघत बसायचे, आणि एप्रन उतरेपर्यंत सिस्टरची ड्यूटी संपलेली असायची. मग ते गोळी गिळून टाकायचे, कारण ओल्या हातात ती विरघळायला लागलेली असे. तक्रारी थांबल्या. सिस्टर मंडळींना एप्रन इतका आवडला की त्या तो औषधवाटपानंतरही घालू लागल्या. जेवताना, फोनवर बोलताना, नुसतं खिडकीबाहेर बघताना. एकीनं तो घरी नेला आणि स्वयंपाक करताना घातला. तिचा संसार तेव्हापासून सुरळीत चालल्याचं ती सांगते.

तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी अधीक्षकसाहेब शेवटची पाहणी करायला निघाले. दारातलं शून्य त्यांना किंचित कललेलं वाटलं. (शून्य कललेलं कसं कळतं हा प्रश्न कुणी विचारला नाही. साहेबांना कळतं.) ते स्वतः खुर्चीवर चढले, शून्याला दोन्ही हातांनी धरलं, आणि खुर्ची सरकली. शून्य जागेवर राहिलं, साहेब खाली आले. पाय घोट्यात मोडला.

तपासनिसांसाठी खास खोल्यांना रंग लावलेला होता आणि तो ओला होता, त्यामुळे साहेबांना पुरुषांच्या वॉर्डात ठेवावं लागलं. पायाला प्लास्टर घातलं. कोट काढून हॉस्पिटलचा ढगळ सदरा चढवला, चष्मा पडताना फुटला होता तो दुरुस्तीला गेला. अशा रीतीनं अधीक्षकसाहेब काका झाले.

शेजारच्या खाटेवरच्या काकांची तपासनिसांच्या भेटीनंतरच्या दिवशी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होती. त्यासाठी आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध द्यायचं होतं: बाटलीभर सकाळी, बाटलीभर संध्याकाळी. त्या सकाळी ते काका आंघोळीला गेले होते. नवी सिस्टर पिवळा एप्रन घालून आली, दोन खाटांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, “काका, दुर्बिणीवाले तुम्हीच ना?”

चष्म्याविना साहेबांना समोर फक्त एक पिवळा ठिपका दिसत होता. रात्रभर पाय ठणकत होता. आणि सिस्टरचा आवाज थोडा चढलेला होता.

“हो,” साहेब म्हणाले.

बाटली पिऊन झाल्यावर त्यांना प्रश्न पडला की पायाच्या हाडाचा आणि दुर्बिणीचा काय संबंध. त्यांनी विचारायला तोंड उघडलं. सिस्टरनं न बोलता एप्रनवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. मजकूर त्यांनीच मंजूर केलेला होता. ‘बोलू नये’ ऐवजी ‘कृपया बोलू नये’ हवं अशी एक सूचना आली होती तीही त्यांनीच फेटाळली होती. त्यांनी रिकामी बाटली परत केली. थोड्याच वेळात त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आतून आलं.

त्यानंतरची सकाळ साहेबांच्या धैर्याची कसोटी पाहणारी होती. एक पाय प्लास्टरमध्ये, संडास वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये मामानं नुकतीच पुसलेली फरशी. प्रत्येक वेळी ते वेळेत पोचलेच असं नाही. तोंडातून एक शब्द काढला असता तर उपाय झाला असता. पण तो शब्द ‘चूक’ हा होता आणि तपासनिसांची गाडी फाटकात शिरलेली होती. एवढ्या मोठ्या माणसानं संस्थेसाठी एवढा त्रास मूकपणे सोसल्याचं उदाहरण दुसरं नसेल.

तपासनीस वॉर्डात आले. त्यांनी साहेबांना विचारलं, “काका, समाधानी आहात का?” साहेब म्हणाले, “हो,” आणि लंगडत धावत सुटले. तपासनिसांनी टिपून घेतलं की अस्थिभंगाचे रुग्णही इथे दुसऱ्याच दिवशी चालते होतात.

तळघरात खरंसांगूपुढे सकाळपासून एकाच खाटेच्या चादरी येत होत्या. पहिल्या चादरीला तिला काही वाटलं नाही. तिसरीला वाटलं. ती चादरीसोबतच्या चिठ्ठीवर खाटेचा क्रमांक आणि आजार बघून मावशीला म्हणाली, “अगं, या खाटेवर तर पाय मोडलेला पेशंट आहे ना? पाय मोडल्यावर असं होत नाही.” मग तिनं कोऱ्या चादरींचा गठ्ठा उचलला (गठ्ठा हातात असला की तिला कुठेही जाता यायचं) आणि मीठ-साखरेचं पाणी घेऊन ती वर गेली.

वॉर्डात शिरल्यावर तिला आधी दुर्बिणीवाले काका दिसले. सकाळपासून उपाशी, औषधाची वाट बघत, पलंगावर ताठ बसलेले. शेजारी दुसरे एक काका डोळे मिटून, ओठ सुकलेले, भिंतीला टेकलेले होते.

“काका, हे पाणी प्या. थोडं थोडं.” मग ती थबकली. “सर? तुम्ही?”

“हळू बोला.”

“खरं सांगू का, सर...”

“नका सांगू.”

“तुम्ही यांचं औषध प्यायलात.”

साहेबांनी वॉर्डाच्या दाराकडे बघितलं. तपासनीस बाहेर इन्चार्ज सिस्टरशी बोलत होते. “मला विचारलं होतं त्यांनी,” ते पुटपुटले. “मी हो म्हणालो.”

“मग चूक झालेलीच नाही, सर,” ती म्हणाली. टोमणा मारायची तिला सवय नव्हती, तिनं निर्णय नीट पाठ केलेला होता. “तुम्ही हो म्हणालात तेव्हा तुम्ही दुर्बिणीवाले काका झालात. आता संध्याकाळची बाटलीपण तुम्हालाच.”

संध्याकाळची बाटली साहेब विसरले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग उडाला. त्यांनी तिचा हात धरला. “सिस्टर, संध्याकाळी तुम्ही या. मला काय द्यायचं ते तुमच्या हातानं द्या.”

“माझ्या हातून शंभर टक्के चुका होतात, सर.”

“माहीत आहे मला,” साहेब म्हणाले. “म्हणूनच. निदान कळतात तरी.”

“पण ट्रॉलीला हात लावायची मनाई आहे मला. तुमची सही आहे त्यावर.”

प्रशासकाची खरी बुद्धी संकटात दिसते. साहेब दोन घोट पाणी प्यायले, त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि तिथल्या तिथे तोंडी आदेश दिला: धुलाई विभागातील सिस्टरने चादरीच्या घडीतून आणलेली गोळी किंवा बाटली ही औषध समजली जाणार नाही, ती कापडात मोडेल.

ती डॉक्टरांना भेटून संध्याकाळी परत आली. दुर्बिणीवाल्या काकांना तिनं त्यांची बाटली दिली. मग साहेबांच्या खाटेशी उभी राहून चादर उलगडली.

“नाव सांगा, सर.”

“अहो, तुम्ही ओळखता मला.”

“सांगा तरी. आणि हो म्हणू नका. पूर्ण नाव.”

साहेबांनी पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावापाशी त्यांचा आवाज जरा अडखळला. पाय मोडल्यापासून ते कुणीच विचारलं नव्हतं. तिनं कागदावर नाव बघितलं, गोळी बघितली, पुन्हा कागद बघितला आणि मग त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली.

“खरं सांगू का, सर,” ती जाताना म्हणाली, “मला वॉर्डात परत घ्या ना.”

साहेबांचे डोळे खरोखरच भरून आले. ते म्हणाले, “घेतलं असतं हो. पण मग शून्याचं काय करायचं?”

सुवर्ण सुरक्षा प्रमाणपत्र मिळालं. ते फलकाच्या शेजारी लावलं आहे. खरंसांगू अजून धुलाई विभागातच आहे, पण तिचं काम वाढलं आहे. इन्चार्ज सिस्टरचा भाऊ दाखल झाला तेव्हा त्याच्या चादरी तिनंच न्याव्यात अशी खास विनंती आली. समितीतल्या एका सदस्याच्या आईच्या चादरी आता दिवसातून तीनदा बदलतात, जेवणानंतर. आकडेवारी विभागप्रमुखांचे सासरे आले तेव्हा विभागप्रमुख स्वतः तळघरात येऊन म्हणाले, “सिस्टर, तेवढं कापडाचं बघा.” हॉस्पिटलात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्या माणसाला हल्ली चुका करणारी सिस्टरच लागते. ती एकटी आहे, त्यामुळे आत ओळख असल्याशिवाय ती मिळत नाही.

तुमची आत ओळख नाही. पण काळजी करू नका, तुमच्यासाठी ते शून्य आहे. रोज सकाळी पुसतात. ते बघून तुम्हाला बरं वाटेल, तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकाल आणि दाखल व्हाल. ढगळ सदरा चढवाल, चष्मा उशाला ठेवाल. मग पिवळा एप्रन घातलेली सिस्टर ट्रॉली घेऊन येईल, दोन खाटांच्या मध्ये उभी राहील आणि विचारील, “तुम्हीच ना?” आणि ही गोष्ट इथपर्यंत वाचून, हसून झाल्यावरसुद्धा, तुम्ही म्हणाल, “हो.”